वेळशेतची आडवी बाटली

एसी बंद पडला तो नेमका जुलैच्या दुपारी, आणि तोही आखातातल्या गुदैबियात, बायकांच्या पार्लरमध्ये! मेकॅनिक आला खरा, पण मालकीण इक्रा दार अडवून उभी. "अंदर लेडीज हैं. मर्द नहीं आएगा." मग बिचारा शिडी घेऊन जिन्यातच ताटकळला. पार्लरमध्ये कामाला असलेली हेमांगी त्याला पाणी द्यायला बाहेर आली, तर हा फोनवर कुणाला तरी सांगतोय, "घामाने पार भिजलोय गो आये…"

तो 'गो' कानावर पडला आणि हेमांगीची पावलं थबकली.

"कुठले तुम्ही?"

"वेळशेतचा. रत्नागिरीकडे."

"अय्या… मी तिथल्याच वरच्या वाडीची की!"

तो जरा घुटमळला. "मी पेठेतला. दीपेश… दुकानवाल्यांचा."

वेळशेतमध्ये दुकान म्हटलं की एकच. देशी दारूचं. हेमांगीच्या बाबांना त्याच दुकानाने नेलं होतं, आणि आता ताईचा नवराही त्याच वाटेला लागला होता. ग्लास त्याच्या हातात कोंबून ती तडक आत निघून गेली.

इथेच संपायचं ते. पण एसी काही एका फेरीत दुरुस्त होईना. निदान दीपेशचं म्हणणं तरी तसंच होतं.

"इतका कसा नाजूक हो तुमचा एसी?" तिने शेवटी विचारलंच.

"एसी धडधाकट आहे… मेकॅनिकच जरा नाजूक आहे."

ती हसली, आणि तिथेच सगळं फसलं! मग सुट्टीच्या दिवशी त्याची व्हॅन, बुदैयाचा रस्ता, कागदी कपातला कडक चहा. गाडीत बसली की तो गार वाऱ्याची झडप न बोलता तिच्याकडे वळवायचा आणि स्वतः घाम पुसत बसायचा. "दुकान दादाचं," एकदा म्हणाला, "त्यातलं काही नको, म्हणून तर इकडे आलो." हे अगदी खरं होतं. हेमांगीचा जीव जडला त्याच्यावर.

हिवाळ्यात ताईचा फोन आला. गावातल्या बायकांनी दुकानाविरुद्ध मतदान लावून घेतलं होतं. मतपत्रिकेवर एक उभी बाटली, एक आडवी. आडवीवर शिक्का म्हणजे दुकान बंद. मत फक्त बायकांनाच. "पण यादीतल्या निम्म्याहून जास्त बायकांनी आडवी निवडायला हवी," ताई म्हणाली. "जी यायची नाही, ती दुकानाच्या फायद्याचीच. तू ये गं."

व्हॅनमध्ये तिने दीपेशला सांगितलं. त्याने व्हॅन कडेला घेतली.

"आईला आपल्या दोघांचं सांगितलंय मी. ती तयार आहे… फक्त म्हणते, तिला म्हणावं, तेवढी मतदानाला येऊ नकोस."

"आणि तू काय म्हणतोस?"

"मी काय म्हणणार? तुझी मर्जी."

न जाणं किती सोपं होतं! परदेशात असलेल्या मुलीला कोण नावं ठेवणार? इथे बसल्या जागी सासर मिळत होतं. दोन दिवस ती नुसती तिकिटांचे दर बघत राहिली. तिसऱ्या दिवशी तिने इक्राकडे रजा मागितली.

विमानतळावर सोडायला दीपेश स्वतः आला. बॅग उचलली, दारापर्यंत आला, "सांभाळून जा" म्हणाला. त्या क्षणी तो तिला इतका आवडला, की आता सगळं ठीक होईल असंच तिला वाटलं.

बाटली आडवी झाली. पंच्याहत्तरीच्या म्हाताऱ्यासुद्धा नातींचा हात धरून रांगेत उभ्या होत्या. निकाल लागला तेव्हा ताई तिच्या गळ्यात पडून रडली.

परतल्यावर न्यायला दीपेशच आला. नेहमीसारखी बॅग घेतली, पण डोळ्याला डोळा देईना.

"दादा बोलत नाही माझ्याशी," तो म्हणाला.

"आणि आई?"

"आई म्हणते, दुसरी कुठलीही मुलगी आण… ती नको."

"मग तू काय म्हणालास?"

"काही नाही. ऐकून घेतलं."

"काहीच नाही, दीपेश?"

"रडत होती गं ती. काय बोलणार?"

तो चिडेल, का गेलीस म्हणून भांडेल, याची तयारी करून ती आली होती. विमानात तिने उत्तरंही जुळवून ठेवली होती. त्यातलं एकही कामाला आलं नाही. वाईट नव्हता हो तो… अजूनही नाही. गुदैबियाच्या तोंडाशी त्याने व्हॅन थांबवली आणि हळूच विचारलं, "शुक्रवारी येऊ?"

"नको," ती म्हणाली, आणि बॅग स्वतःच उतरवून घेतली.

मत दिल्याचा तिला आजही पस्तावा नाही. पण दीपेशची आठवण मात्र अजून येते. एकदाच त्याने आईसमोर तिचं नाव घेऊन भांडायला हवं होतं… हरला असता तरी चाललं असतं तिला.