चौथ्या खिडकीवरची टकटक

बोटीच्या केबिनमध्ये कुणी छत्री उघडून बसतं का? पण तो बसला होता! एका हातात छत्री, मांडीवर वह्यांचा गठ्ठा आणि दातांत लाल पेन. बाहेर नुसती भुरभुर होती. खरा पाऊस काय तो आतच पडत होता.

डिंकी आली होती आपली बादली मागायला. शेजारच्या बोटवाल्याने ती परस्पर इकडे देऊन टाकली होती. ती दारात उभी राहिली आणि बादली विसरून हसत सुटली.

"हसा, हसा," तो पेन काढून म्हणाला. "बादली ना? ती बघा, त्या खिडकीखाली. भरत आलीय, जपून उचला."

"खिडक्या गळतात?"

"छे हो! आंघोळीची सोय करून घेतलीय."

डिंकीला सगळे डिंकी म्हणत, कारण तिच्या बोटांना सदा काहीतरी चिकट लागलेलं असे. धक्क्यावरच्या दुरुस्तीच्या आवारात बोटींच्या खिडक्या बसवायचं काम आधी तिच्या बाबांचं होतं. त्यांच्या गुडघ्यांनी संप पुकारला तेव्हापासून ते तिचं. बाबा आता खुर्चीत बसून नुसते हुकूम सोडत.

आणि हा शाळामास्तर. बोट त्याच्या आत्याची, तिने हौसेने भाच्याला दिलेली. पुढच्या सोमवारी त्याला नदीच्या खालच्या अंगाच्या गावात नव्या शाळेवर रुजू व्हायचं होतं. राहायचं होतं याच बोटीत.

"लहानपणापासून एवढंच मागत आलो," तो म्हणाला. "पाण्यावरचं घर. आता पाणीच घरात राहायला आलंय, त्याला काय करू?"

चार खिडक्या आणि हातात सहा दिवस. डिंकीने शब्द देऊन टाकला... रविवारी सकाळी तुम्ही कोरडे निघाल.

"पाणी लबाड असतं, मास्तर," दुसऱ्या दिवशी ती पाण्याची नळी सोडवत म्हणाली. "शिरतं एकीकडून, टपकतं भलतीकडेच. म्हणून आधी ते कुठून येतं ते पकडायचं. तुमच्याकडे खडू आहे?"

"मास्तरला खडू विचारता?"

मग त्याने आतून प्रत्येक चौकटीभोवती खडूची जाड रेघ ओढली. डिंकी बाहेरून नळी धरायची, खालच्या कडेपासून सुरुवात करून हळूहळू वर. आत रेघ कुठे ओली झाली की त्याने लगेच काचेवर टकटक करायचं. लगेच, बरं का! क्षणभर उशीर झाला तर पाणी पुढे सरकतं आणि खूण चुकते. हे तिने त्याला तीनदा बजावलं.

आता तुम्हीच सांगा, अशा कामात माणसाने बघायचं तरी कुठे? मध्ये फक्त एक काच. काचेवरून पाणी ओघळतंय. पलीकडे तो, नाकाला खडू लागलेला. ती नळीकडे बघायची... आणि नजर जायची नाकाकडे. पहिल्या तीन खिडक्या दोन दिवसांत झाल्या. एकेक चौकट सरकत्या काचेसकट काढली, फटी बुजवायचा जुना सुकलेला मसाला खरवडला, नवा भरला. खिडकीगणिक डिंकीचा हात आपसूक मंदावत गेला.

"आज लवकर आटपलं," तिसरी झाल्यावर ती म्हणाली.

"हो ना," तो म्हणाला. दोघांच्याही आवाजात आनंद म्हणून नव्हता.

चौथीच्या वेळी टकटक झाली ती नळी वरच्या कोपऱ्यावर असताना. डिंकीने तो कोपरा उघडला, साफ केला, बसवला. आणि गुरुवारच्या पावसात चौथी खिडकी पुन्हा गळली! डिंकीचा चेहरा पडला. असं तिच्या हातून कधी झालं नव्हतं.

"जाऊ दे," तो ओला गठ्ठा पुसत म्हणाला. "नाहीच थांबलं तर बोट इथेच ठेवतो. तिकडे एखादी खोली बघीन. दर शनिवारी येत जाईन... बोट बघायला."

दर शनिवारी. डिंकी ते दोन शब्द घरी घेऊन गेली.

शुक्रवारी ती केबिनच्या टपावर चढली आणि तिला सगळं लख्ख कळलं. टपावरच्या कठड्याचा एक बोल्ट हलत होता. पाणी तिथून शिरून छताच्या फळीमागून उतरत होतं आणि खिडकीत टपकत होतं. बिचाऱ्या खिडकीचा काहीच दोष नव्हता. अर्ध्या तासाचं काम! डिंकीने बोल्टवर बोट ठेवलं... आणि खाली उतरली.

"काही सापडलं?" त्याने विचारलं.

"बघू," ती म्हणाली.

घरी ती ताटातला भात नुसता चिवडत बसली. नको ना सांगू, एक मन म्हणत होतं. एक बोल्ट तर आहे. येऊ दे ना त्याला दर शनिवारी. किती महिने, किती शनिवार... आणि दुसऱ्या मनाला दिसत होता छत्री धरून बसलेला तो आणि त्याचं लहानपणापासूनचं मागणं.

"अन्नावर वासना नाही का?" बाबांनी विचारलं.

"बाबा, गळती सापडली, टपावरचा एक बोल्ट आहे, आणि मी बोललेच नाही. बोट कोरडी झाली की तो जाईल हो."

बाबांनी बराच वेळ गुडघा चोळला. "बोल्ट कुणाच्या बोटीचा आहे, पोरी?" एवढंच त्यांनी विचारलं.

शनिवारी सकाळी ती पाना घेऊन हजर झाली. "मला कालच कळलं होतं," तिने दारातूनच सांगून टाकलं. "टपावरचा बोल्ट आहे. मी मुद्दाम बोलले नाही."

"मुद्दाम? का पण?"

"दर शनिवारी म्हणालात ना, म्हणून."

त्याने वह्या बाजूला ठेवल्या. मग हळूच म्हणाला, "चूक माझीसुद्धा आहे. रेघ नळी चालू व्हायच्या आधीच ओली झाली असणार. मागच्या सरीच्या पाण्याने. पण मी रेघ बघतच नव्हतो... तुमच्याकडे बघत होतो. टकटक फार उशिरा केली."

डिंकीचे कान तापले. ती टपावर चढली. बोल्ट काढला, मसाला भरला, पुन्हा बसवला आणि आतून नट अर्धाच आवळला.

"पूर्ण नाही आवळायचा?"

"मसाला सुकायला तीन दिवस लागतात. मग शेवटचा पीळ. तिकडच्या एखाद्या मिस्त्रीकडून घ्या करून."

"मला मिस्त्री नकोय," तो म्हणाला.  मग कोण हवंय, ते डिंकीने विचारलं नाही, वेडीने!

रविवारी बोट निघाली. तो हात हलवत राहिला. डिंकीने एक हात हलवला, दुसऱ्यात परत मिळालेली बादली होती. बोट वळणाआड गेली तरी ती तिथेच उभी. बोट कोरडी निघाली याचा अभिमान वाटायला हवा होता. वाटत होती फक्त हुरहूर. सोमवारी तिने दोनदा चुकीची काच उचलली.

मंगळवारी दुपारी बाबा म्हणाले, "तीन दिवस झाले."

"कशाला?"

"मसाल्याला. अर्धं काम टाकून घरी बसायला मी शिकवलं होतं तुला? पाना घे आणि बस पकड."

उन्हं कलायला लागली तेव्हा ती त्या गावच्या धक्क्यावर पोचली. तो शाळेतून नुकताच येत होता. तिला बघून त्याच्या हातातल्या वह्या सांडल्या. तिने नट पूर्ण आवळला. मग बादलीने टपावर पाणी ओतायला बाहेर गेली. आत चौथ्या खिडकीशी तो, खडूची नवी रेघ ओढून.

पहिली बादली ओतली... आणि लगेच टकटक झाली!

डिंकी झटकन खिडकीपाशी वाकली. ती काचेला नाक लावून ओरडली, "कुठे गळतंय?"

त्याने काच सरकवली. रेघ पांढरीशुभ्र, कोरडी ठाक होती.

"कुठेच नाही."

"मग टकटक कशाला?"

"मागच्या वेळी उशीर झाला होता," तो म्हणाला. "या वेळी वेळेवर केली. डिंकी, दर शनिवारी मीच येईन. बोट गळो न गळो. चालेल तुला?"

तुला, म्हणाला तो. डिंकीने चिकट बोटं साडीला पुसली, पुसली गेली नाहीत, आणि तशीच खिडकीतून आत त्याच्या हातात दिली.