हुलग्यातली वाट

गाडी थांबली ती अगदी अलगद, पाण्यावर पान टेकावं तशी. पुढे रस्ताभर मळणीसाठी वाळलेला हुलगा पसरला होता आणि त्यावर हिवाळ्यातलं कोवळं ऊन लोळत होतं.

धम्मप्रिया हात मांडीवर ठेवून स्टिअरिंगमागे बसली होती. आपली आपण चालणारी ही गाडी पुण्यातल्या एका कंपनीची. लातूर–नांदेड रस्त्यावर ती कशी वागते ते बघायचं आणि धोका दिसला तरच हात लावायचा, एवढंच धम्मप्रियाचं काम. गाडीला हुलगा म्हणजे अडथळा वाटला होता. धोका तर काहीच नव्हता. मग काय, दोघीही थांबून राहिल्या.

"अय बाई, चढव की गाडी," कडेला सूप घेऊन बसलेल्या केवळाबाई म्हणाल्या. "उभी काय राहून राहिलीस? चाकं फिरल्याबिगर शेंगा फुटतेत व्हय?"

एवढ्यात मागे एक पिकअप येऊन थांबला. हौद्यात मोगऱ्याची, जाईची रोपं डुलत होती. चालवणारा तरुण उतरून तिच्या काचेपाशी वाकला.

"बंद पडली का, मॅडम?"

"नाही. विचार करतेय."

"तुम्ही?"

"गाडी."

तो हसला. डोळ्यांपासून सुरू होऊन ओठांशी पोचणारं हसू... "लई शहाणी हाय. आमच्या गाडीला विचाराला सवडच न्हाई भेटली कधी."

मग त्याने काय करावं? दोन्ही हातांनी हुलगा बाजूला सारत गाडीपुरती वाट मोकळी केली. गाडी हळूच हलली. तिने आरशात पाहिलं, तर तो केसांतल्या काड्या झटकत उभा होता.

त्याचं नाव आनंदराज. लोह्याजवळ त्याची रोपवाटिका होती. गाडी रोज त्याच जागी थांबायची आणि तोही रोज नेमका तिथेच भेटायचा. वाट करून दिली की दोघं कडेच्या कडुलिंबाखाली चहा घेत भांडत. ती सांगायची, गाडीला झोप येत नाही, राग येत नाही, ती फोन बघत नाही. माणसापेक्षा तीच भरवशाची. तो म्हणायचा, पण तिला हुलगा कळत न्हाई. "शिकेल," ती म्हणायची आणि त्याला ते मान्य करावं लागायचं. हरतानाही तो खूश दिसायचा, हे तिच्या लक्षात आलं होतं. 'मॅडम' कधी गळून पडलं, हे मात्र दोघांनाही सांगता आलं नसतं.

एकदा तो म्हणाला, पिकअपमध्ये बस, रोपं दाखवतो. तिने मान हलवून नकार दिला. मग म्हणाली, किनवटहून कंधारला जाताना जीपचालकाला डुलकी लागली आणि तिचे बाबा गेले. तेव्हापासून ती रेल्वेने फिरायची, नाहीतर या गाडीतून. माणसाच्या हाती ती जीव देत नव्हती. स्वतःच्याही नाही, लायसन होतं, पण फाटकातून गाडी बाहेर काढण्यापुरतंच.

आनंदराज हसला नाही. त्याने बस म्हणून पुन्हा कधी विचारलंही नाही. धम्मप्रियाचं काम संपून दुसऱ्या दिवशी ती पुण्याला निघणार होती, त्या संध्याकाळी पिकअपचं दार तिनेच उघडलं.

ऊन तिरपं झालं होतं. हौद्यातून रोपांच्या ओल्या मातीचा वास येत होता. चाकांखाली शेंगा तडतडत होत्या, जणू दूर कुठे कुणी लाह्या भाजतंय. तिची घट्ट मिटलेली मूठ हळूहळू सैल होत गेली...

"आनंदराज — " ती किंचाळली.

करकचून ब्रेक लागला. पिकअपच्या तोंडाशी केवळाबाई उभ्या होत्या, डोक्यावर हुलग्याचा भारा तसाच. "डोळे कुठं गहाण ठेवलेस रं, मुडद्या?" त्या म्हणाल्या आणि भारा सावरत कडेला झाल्या.

धम्मप्रिया खाली उतरली.  तिची गाडी असती तर त्या गाडीने म्हातारीला दोघांच्याही आधी पाहिलं असतं. यात शंका नव्हती, आणि हेच तिला जाळत होतं.

आनंदराज तिच्यासमोर येऊन उभा राहिला. चेहरा पांढराफटक.

"हुलग्यावर चाक घसरलं म्हणून सांगता आलं असतं," तो म्हणाला. "न्हाई घसरलं. मी तुझ्याकडं बघून राहिलो होतो." त्याने किल्ली तिच्यापुढे धरली. "तुझंच खरं. माझ्या हाती नको देऊ जीव. जा तू... पण बघत होतो, ते खरं हाय."

जीपचालक शेवटपर्यंत म्हणत राहिला होता, ब्रेक फेल झाला. बाबा जाण्याइतकंच ते खोटंही तिला इतकी वर्षं सलत होतं. आणि हा माणूस... न विचारता स्वतःविरुद्ध साक्ष देत होता.

तिने किल्ली घेतली आणि वळसा घालून चालकाच्या दारापाशी गेली. "बस तिकडून."

"तुला येतं?"

"शिकेन."

पहिल्या गिअरला पिकअपने दोन आचके खाल्ले. केवळाबाई भाऱ्यासकट थेट शेताच्या बांधावर जाऊन उभ्या राहिल्या. मग चाकं फिरली, शेंगा फुटू लागल्या. धम्मप्रियाचे दोन्ही हात स्टिअरिंगवर घट्ट होते.

"आता बघ," ती म्हणाली.

"कुठं?"

"मघाशी बघत होतास तिकडं. आता धोका नाही."

तिचे गाल तापले होते. नजर मात्र तिने रस्त्यावरून जराही ढळू दिली नाही.