साम्य म्हणजे भेट नव्हे

छत्री निथळत तो जळगावच्या त्या दैनिकाच्या कार्यालयात शिरला आणि भाविकाच्या टेबलासमोर येऊन उभा राहिला. हातात सकाळचा अंक. मथळा होता, 'येशू भारतात योग शिकले : प्रा. प्रेमराज पाटील'.

"हे मी बोललोच नाही."

आवाज चढलेला नव्हता. तेच भाविकाला जास्त लागलं. मथळा तिचाच होता. व्याख्यानाची बातमी हाती आली तेव्हा पान लावायची घाई होती. 'याला पुरावा नाही' हे वाक्य तिनेच जागेअभावी उडवलं होतं. तिने दुरुस्ती छापायचं कबूल केलं आणि विचारलं, मग तुम्ही बोललात तरी काय?

तो सांगत गेला. चहा दोनदा आला. सुरुवातीच्या ख्रिस्ती लोकांत नॉस्टिक म्हणून काही पंथ होते. नुसत्या श्रद्धेने नाही, आतल्या ज्ञानाने माणूस सुटतो, असं ते मानत. आपल्या उपनिषदांशी हे इतकं जुळतं, की कुठेतरी गाठ पडलीच असणार असं वाटतं. जहाजं येत-जात होती, इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियात भारतीय माणसं दिसल्याचा उल्लेखही आहे. पण कोणी कोणाला काय शिकवलं, ते कुठेच लिहिलेलं नाही.

"साम्य म्हणजे भेट नव्हे, मॅडम."

"आपली तर झाली," भाविका म्हणाली.

तो पहिल्यांदाच हसला... आणि छत्री तिथेच विसरून गेला.

दुरुस्ती छापून आली, तरी तो येत राहिला. मेहरूण तलावाकाठी भाजलेली कणसं खाताना 'तुम्ही'चं 'तू' झालं. तिने त्याला मुक्ताईनगरला नेलं, सावद्याला वडिलांची केळीची बाग दाखवली. तो सगळ्यावर बोलायचा — एक गोष्ट सोडून. शेजारच्या टेबलावरची मेघा विचारायची, तुझ्या प्रोफेसरांचा पुरावा अजून गोळा होतोच आहे का? श्रावणात त्याला पुण्याच्या नोकरीचं पत्र आलं. तो जाणार होता, आणि भाविकाने थांबावं की विसरावं, हे त्याने सांगितलं नव्हतं.

सांगितलं ते एवढंच, "रविवारी आमच्याकडे कानबाई बसते. ये."

ती रेल्वेने त्याच्या गावी, दोंडाईच्याला गेली. सावद्याला तिच्या घरी कानबाई बसत नसे, त्यामुळे रीत तिला ठाऊक नव्हती. कानबाई म्हणून मांडलेली नारळाची देवी नटली होती, बायका गाणी म्हणत होत्या. भाविका पंगतीत वाढू लागली, आणि भूक लागली म्हणून हातातल्या ताटातल्या रोटाचा, नैवेद्याच्या जाड पोळीचा, एक तुकडा सहज मोडून घेतला.

प्रेमराजने तो तिच्या हातातून काढून घेतला. सगळ्या भाऊबंदांसमोर.

गाणं थांबलं. त्याची आई तानुबाई हळूच म्हणाली, "माय, हाऊ रोट घरनाच लोके खातस. घरना माणसे मोजीसनी गहू धरतस."

भाविकाचे कान तापले. तिने ताट खाली ठेवलं, गाडीची वेळ झाली म्हणाली आणि ओट्यावर येऊन चपला शोधू लागली. तो मागोमाग आला.

"सुरुवातीच्या ख्रिस्ती सभेतसुद्धा," तो म्हणाला, "दीक्षा घेतल्याशिवाय भाकर देत नसत..."

"प्रेमराज, आता व्याख्यान नको."

"आज खाल्ला असतास तर पाहुणीची चूक म्हणून सोडून दिलं असतं सगळ्यांनी. मला ते नको होतं. तू तो हक्काने खावास... म्हणजे, पुढच्या वर्षी."

चपलेत गेलेला पाय तसाच राहिला.

"याला पुरावा?"

त्याने दाराकडे तोंड वळवलं. "माय, पुढला साले हिना रोट बी धरजो!"

"मी तं कवयनी वाट देखी राहिनू," आतून तानुबाई म्हणाली. बायका हसल्या आणि गाणं पुन्हा सुरू झालं.

भाविकाने पाय चपलेतून बाहेर काढला.

"उद्या अंक घेऊन येशील," ती म्हणाली, "मी असं बोललोच नाही म्हणून."

"बोललो," प्रेमराज म्हणाला. "मथळा तुला हवा तो दे."