उलटा पट्टा

"पाय उचला!"

तो माझ्याशी बोलला ते हे पहिले दोन शब्द. मी चहाचा कप घेऊन मागच्या दारातून परसात उतरले होते, आणि त्याने आदल्या दिवशी राबून सपाट केलेल्या बारीक खडीत माझी चप्पल चांगली रुतली होती.

"परस आमचंच आहे," मी ठसक्यात म्हटलं.

"कालपर्यंत होतं. आता माझं. काम संपलं की परत देतो."

मी पाय उचलला. एकच! दुसरा ठेवायला जागा नव्हती, म्हणून बगळ्यासारखी उभी राहिले. तो हसला... आणि माझं तिथेच वाटोळं झालं.

या परसात आईचे भाजीचे वाफे होते. बाबा निवृत्त झाले आणि त्यांना घरचं टेनिस कोर्ट हवं झालं, तेही खोट्या गवताचं. कंपनीने त्याला कामावर पाठवलं, वाफे उखडले गेले, आई बाबांशी कामापुरतं बोलू लागली. आणि जन्मात रॅकेट न धरलेली मी रोज सकाळी कोर्टाच्या कडेला खुर्ची टाकून बसू लागले.

"आल्या मुकादमबाई," तो मान वर न करता म्हणायचा.

"लक्ष ठेवायला नको? तुमचा काय भरवसा?"

"कामाचा भरवसा ठेवा. माणसाचं नंतर बघू."

मग गवताचे रोल आले. त्याने एक उलगडला, हात पुढे केला, "देता?" असं विचारलं आणि माझा तळवा गवतावरून फिरवला. जाताना मऊ, येताना टोचरं.

"पाती एका बाजूला झुकलेली असतात," तो सांगू लागला. "सगळे पट्टे एकाच दिशेने टाकायचे. एक जरी उलटा पडला, तर तेवढाच काळपट दिसतो."

"मग काय होतं?"

"होतंय काय? लोक कंपनीला फोन करून आमचा उद्धार करतात."

माझा हात सोडायला तो विसरला. मीही आठवण केली नाही.

पट्टे जोडायच्या दिवशी पावसाची सर आली. ओल्यात गोंद धरत नाही, म्हणून काम थांबलं आणि आम्ही पायरीवर बसलो. त्याच्या बाहीवर पाणी ठिबकत होतं. मी ओढणीने पुसलं, आणि बोलता बोलता 'तुम्ही'चं 'तू' झालं...

"मावशीने एक स्थळ आणलंय," मी म्हटलं. "त्यांना उत्तर हवंय. तू बाबांशी बोलणार आहेस का?"

"आत्ता? अंगभर गोंद फासून?"

"मग कधी?"

त्याने गोंदाच्या डब्याचं झाकण घट्ट लावलं. मग म्हणाला, "शेवटचा पट्टा मी उलटा टाकतो."

"वेडा आहेस का?"

"ऐक तर. वरून वाळू भरून झाडला, की काही दिवस कळणार नाही. पाती वर आली की रंग दिसेल. तू कंपनीला फोन कर. चांगली कडक तक्रार कर, मुकादम शोभशील अशी! मी दुरुस्तीला येईन. धुतलेला शर्ट घालून. आधी बाबांशी बोलेन, मग पट्ट्याला हात लावेन."

"नक्की?"

"तक्रार झाली की यावंच लागतं."

मी त्याच दिवशी मावशीला नकार कळवला. मावशीने बोलणं टाकलं. मला पर्वा नव्हती.

काम संपलं. पट्टा हळूहळू काळा पडत गेला. तो फोन उचलत नव्हता. कामात असेल, मी स्वतःची समजूत घातली, आणि कंपनीला असं फैलावर घेतलं की पलीकडची बाई चाचरायला लागली. आईला सगळं सांगितलं. तिने कपाटातून चांगले कप काढले.

बेल वाजली. मी धावले. दारात पोट सुटलेले, पिकल्या मिशांचे एक काका हत्यारांची पिशवी घेऊन उभे होते.

"हाच का गं?" आई माझ्या कानात घाबरून कुजबुजली.

एरवी मी हसून लोळले असते.

"आधीचे... ते नाही आले?" परसात जाताना मी विचारलं.

"तो कसा येईल? ज्याचं काम बिघडलं, त्याला त्या घरी परत पाठवतच नाहीत. भांडणं होतात हो. नियमच आहे तसा."

"त्यांना ठाऊक नसेल."

"त्याला? अहो, मी नवा लागलो तेव्हा मला हा नियम त्यानेच सांगितला." काका पट्ट्यावर हात फिरवत म्हणाले, "पण नवल आहे. त्याच्या हातून असं कधी होत नाही."

"बरे आहेत ना ते?"

"मजेत आहे की."

मजेत! तोंडावर 'नाही' म्हणायची हिंमत नव्हती, म्हणून गड्याने माझ्याच हाताने दार लावून घेतलं होतं.

बाबा वरच्या खिडकीतून ओरडले, "राहू दे गं! खेळायला काय फरक पडतो?"

"काढा," मी काकांना म्हटलं.

त्यांनी सुरीने जोड कापला आणि पट्टा ओढला. खाली खडी पाटासारखी सपाट होती, फक्त एका जागी खळगा. माझ्या चपलेचा. त्याने सगळीकडे यंत्र फिरवलं होतं, तेवढी जागा सोडून.

मला रडू नाही आलं, संताप आला. एवढं जपायचं होतं, तर माणसाला जपायचं होतंस!

"हे काय राहिलंय इथे?" काका पुटपुटले आणि खडी दाबायची ठोकणी घेऊन आले. मी खळग्याशेजारीच उभी होते.

"पाय उचला, ताई."

मी उचलले. दोन्ही. आणि घरात गेले.