न दिलेली पत्रिका

बेंगळुरूत, बेळ्ळंदूरच्या ट्रॅफिकमध्ये ऑफिसची बस अडकली होती आणि मी मांडीवर लॅपटॉप घेऊन मराठीत पुटपुटत 'कन्सिडर' या शब्दाशी झगडत होते. मुलांच्या अ‍ॅपसाठी इंग्रजी शब्दांची मुळं शोधायची, हीच माझी नोकरी. शेजारचा उंच मुलगा स्क्रीनवर डोकावला.

"विचार करणं म्हणजे... मुळात तारे बघणं?"

"लॅटिनमधून आलाय. ताऱ्यांकडे नीट बघून ठरवायचं, असं म्हणतात. दुसऱ्याच्या स्क्रीनमध्ये बघू नये, असंही म्हणतात."

"सरी, सरी," असं कन्नडमधलं 'बरं, बरं' म्हणत तो हसला. गालाला खळी पडली आणि माझं काम राहिलंच.

तो अभिमन्यू. जयनगरचा, पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरूतल्या मराठा घरातला. माझे बाबा मात्र इथल्या कारखान्यात नोकरीला नाशिकहून आलेले. हळूहळू आम्ही एकमेकांसाठी बसमध्ये जागा धरू लागलो, आणि एक दिवस आईबाबा त्याच्या घरी लग्नाचं बोलून आले.

मग त्याच्या आईचा, राजलक्ष्मीअक्कांचा फोन आला. खूप विचार केला, पण पत्रिका जुळत नाही. तोंडावर नकार द्यायचा नसला की आपल्याकडे ग्रहांना पुढे करतात. पण माझी पत्रिका कुणी कधी काढलीच नव्हती!

आई म्हणाली, ईरा, सोडून दे. मी कसली सोडतेय? रविवारी तडक जयनगर गाठलं. अक्का अवरेकाईच्या, म्हणजे वालाच्या, शेंगा सोलत होत्या.

"अक्का, कुणाची पत्रिका पाहिलीत?"

त्यांचा हात थांबला. मग सरळच म्हणाल्या, बाहेरची मुलगी आमच्या घरात आजवर आली नाही, आमची इथली मराठी बोलीसुद्धा तुला कळायची नाही.

"मग तसं सांगायचं. खरा नकार मी पचवीन, खोटा नाही." मी दारातल्या अभिमन्यूकडे वळले. "आणि तू? आईला एका शब्दानं तरी विचारलंस?"

"नाही... चुकलंच माझं." तो माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. "आई, मी हिच्याशीच लग्न करणार. तू आलीस तर मांडवात, नाहीतर रजिस्ट्रार ऑफिसात."

मला तिथंच रडू येत होतं, पण मी रडले नाही.

अक्कांनी आम्हा दोघांकडे पाहिलं. मग अक्कांनी पाट पुढे सरकवला. "आलीच आहेस तर बस. शेंगा सोल."

"आधी हो म्हणा. मग सोलते."

अक्का हसल्या नाहीत. "हो," म्हणाल्या, आणि अर्ध्या शेंगा माझ्या पुढ्यात ओतल्या.