आघाड्याचे बोलावणे

रसमापकावर शून्य उमटले. कर्जतच्या वनौषधी प्रयोगशाळेत डॉ. उर्मिला नाईकसाटमने काचपट्टी पुसून चौथ्यांदा थेंब ठेवला. पुन्हा शून्यच. तिचा धाकटा भाऊ श्रीपाद रक्तात भिनलेल्या तापाने रुग्णालयात झिजत होता, आणि त्या तापावर एकच औषध चालत असे, आघाड्याचा रस.

आता आघाडा म्हणजे काही संजीवनी नव्हे. बांधावर उगवावा, गणपतीच्या पत्रीत जावा, ऋषिपंचमीला त्याच्या काडीने दात घासावेत. औषध त्यात असते, पण नेहमी नसते. हे गुपित तिला भिवा वाघमाऱ्याने, एका कातकरी वैदूने शिकवले होते. आदल्या संध्याकाळी एका झाडाचे पान चिमटायचे, हळद लावायची, उद्या येतो म्हणायचे, आणि पहाटे जाऊन तोडायचे. उर्मिलाने त्याचे शास्त्र मांडले. चिमटलेले पान गंधसंदेश सोडते; ती हाक ऐकून शेजारची झाडे रात्रभर रस भरतात.

पण रोज एक रात्र थांबणार कोण? तिने अष्टौप्रहर हाक घालणारे वाण घडवले, 'सदाहाक'. औषध अमाप झाले. चिकटणारे बी धोतरांना, गुरांच्या शेपटांना लागून गावोगाव गेले, आणि चार वर्षांत सगळीकडचा रस आटला.

"झाडाला बोलावलं नि तोडायला गेला नाही, असं माझ्या बापानं कधी केलं नाही," भिवा म्हणाला. "तापानं फणफणला तर मला धाडायचा. तुमचं वाण उगाच बोलावतंय नि तोडायला कुणी येत नाय. झाड काय खुळं हाय, ताई?"

तिला पटले. रस भरणे झाडाला महाग पडते. फुकटच्या हाकेला त्याने ओ देणे सोडले होते.

डोंगराखालच्या एका घळीतली जुनी झाडे मात्र अजून थोडी ओ देत. सदाहाकची दोनेकशे रोपे तिथे नुकती शिरली होती. डॉक्टरांनी श्रीपादला तीन दिवस दिले होते. रोपे उपटायची, घळ शांत करायची, संध्याकाळी बोलावणे, पहाटे तोडणी. दोघांनी दुपारपर्यंत एकही रोप ठेवले नाही. आगंतुक पाहुणे हाकलायला एवढी शिकलेली बाई लागली, म्हणून भिवाने तिची थट्टाही केली.

संध्याकाळी एक पान चिमटून बोलावणे झाले. पहाटे तिने पाला चेचून थेंब मापकावर टाकला. शून्य.

भिवा उपटलेल्या ढिगाकडे पाहत राहिला. "एका चिमटीची हाक घळभर जाते, ताई. आपण काल किती झाडं मोडली?"

"दोनशे," ती म्हणाली, आणि तिला सगळे एकदम कळले. प्रत्येक मोडलेला देठ ओरडला होता, आणि त्या दोनशे हाकांमागून तोडायला कोणीच गेले नव्हते; संध्याकाळची खरी हाकही त्यांतलीच एक ठरली. घळ कायमची बहिरी झाली होती. सदाहाक ठेवावी तरी हाक, उपटावी तरी हाक, जाळावी तर सगळ्यांत मोठी.

श्रीपादला आता काय सांगू, असे तिने विचारले.

"काही सांगू नका," भिवा म्हणाला. "जाऊन त्याचा हात धरा. आज जावा."