दोन पुसू आणि एक जागा

आमच्या केंद्रात दोन पुसू आहेत. पुसू म्हणजे गुडघ्याएवढे रोबो. राजापूरजवळच्या सड्यावर (कोकणातल्या उघड्या, कातळाच्या पठारावर) चंद्रावरच्या वसाहतीशी बोलणाऱ्या मोठ्या तबकड्या उभ्या आहेत, त्यांच्यावरची धूळ पुसायचं काम यांचं. दोघांची उंची तीच, रंग तोच, चालतानाची कुईकुईसुद्धा तीच. केंद्रप्रमुख तडवी मॅडमनी आम्हा मुलांना कोडं घातलं होतं: झाकण न उघडता ज्याला हे दोघं वेगळे ओळखता येतील, त्याला ढगयानात जागा. ढगयान म्हणजे ढगांच्याही वर जाऊन दुर्बीण लावणारा प्रचंड फुगा. जागा एकच होती.

मुलं म्हणजे आम्ही दोघंच. मी वल्लरी, आणि माझा मामेभाऊ निहार.

निहारचं आधीच सांगून टाकते. मला त्याचा भयंकर हेवा वाटतो. तो चंद्रावर जन्मला, यात त्याचं काय कर्तृत्व? पण यंदा तो पृथ्वीवर राहायला आला आणि घरात त्याच्याशिवाय कुणाचं कौतुकच उरलं नाही. उसळीतले काजू वेचून त्याला, कारण चंद्रावर ओले काजू मिळत नाहीत. खिडकीजवळची खाट त्याला, कारण त्यानं कधी पाऊस पाहिला नव्हता. आणि मी? मी मोठी, समजूतदार! या शब्दाचा मला इतका वीट आला होता की काय सांगू.

त्यात एका सकाळी नाश्त्याला तो म्हणाला, "मला ओळखता येतात दोन्ही पुसू."

मी बशी बाजूला सारली. "कसे?"

"नाही सांगणार. सांगितलं की तुलाही येईल. मग माणसं दोन आणि जागा एक."

"म्हणजे येतच नाही तुला. थापा मारतोयस!"

"येतं!"

"मग सांग ना!"

"नाही सांगणार!"

आजोबा चहा पीत मजेत ऐकत होते. ते सांकेतिकशास्त्राचे (निरोप गुप्त ठेवण्याच्या शास्त्राचे) संशोधक. चंद्राकडे जाणारा एकही निरोप त्यांच्या कुलपांशिवाय जात नाही. "भांडता कशाला? त्याला गुपित न सांगताही पटवून देता येईल," ते म्हणाले.

"कसं शक्य आहे आजोबा? सांगितल्याशिवाय कळणार कसं?"

"तू परीक्षक हो, वल्लू. दोन्ही पुसू शेजारी शेजारी उभे कर, निहारला नीट बघू दे. मग मध्ये पडदा ओढ आणि नाणं उडव. छापा पडला तर पुसूंची अदलाबदल कर, काटा पडला तर आहेत तसेच ठेव. मग पडदा सार आणि विचार, बदलले की नाही?"

"हॅ! तो काहीतरी ठोकून देईल. बरोबर यायची शक्यता अर्धी आहेच की."

"एकदा. आणि लागोपाठ दोनदा बरोबर यायची?"

"अर्ध्याची अर्धी. म्हणजे पाव."

"तीनदा?"

मी बोटांवर अर्धं अर्धं करत गेले. दहा वेळा न चुकता यायची शक्यता साधारण हजारात एक. वीस वेळा, दहा लाखांत एक! माझा चेहरा खुलला. एवढ्या फेऱ्यांत कुठलाही थापाड्या सापडणारच.

"आता गंमत बघ," आजोबा म्हणाले. "त्याच्या तोंडून तुला ऐकायला काय मिळेल? 'बदलले' किंवा 'नाही बदलले'. ते तर तुला आधीच ठाऊक, बदलणारी तूच! त्याची युक्ती तुला तसूभरही कळणार नाही. याला शून्यज्ञान पुरावा (गुपित न उघडता ते आपल्याला ठाऊक आहे हे पटवणारा पुरावा) म्हणतात."

"पण नाणं कशाला? मीच ठरवीन."

"माणूस दोनदा बदलतो आणि मग त्याला वाटतं, आता नको. हुशार थापाड्या नेमकं तेवढंच हेरतो. नाण्याचा अंदाज कुणाला बांधता येत नाही. आणि मी काही परीक्षेच्या खोलीत येणार नाही. दोघांचा आजोबा मी, उद्या लोक म्हणतील म्हाताऱ्यानं डोळा मारला."

मग मी कंबर कसली. दोन्ही पुसू एकाच फडक्यानं लख्ख पुसले. आवाजावरून कळायला नको म्हणून बंद केले. प्रत्येक फेरीला निहारला भिंतीकडे तोंड करून बसवलं, आणि चाकांची घरघर ऐकू जाऊ नये म्हणून जुना पंखा मोठ्यानं सुरू केला. न बदलता ठेवायचे असले तरी पुसू उगाच गोल फिरवून परत जागेवर आणले. पुरावा हवा म्हणून कॅमेराही लावला. निहारला चुकताना मला पुन्हा पुन्हा बघायचं होतं.

तो चुकला नाही. मध्येच मी दिवे मंद केले, तरी नाही. विसाव्या फेरीला पुसूंकडे क्षणभर पाहून तो म्हणाला, "नाही बदलले." नव्हतेच बदलले.

मी तिथेच फरशीवर बसले. मला रडू येत होतं. इतकी धडपड केली, तरी मला पटलं होतं.

बाहेर आल्यावर आजोबांनी माझा चेहरा पाहिला. "तुझ्यासारखा परीक्षक शोधून सापडला नसता. तो चुकावा म्हणून जो टपून बसलाय, त्याला पटलं की खरं. आम्ही कुलूप करतो तेव्हा समोर असंच कुणीतरी आहे, असं धरूनच चालतो."

"जळकुकडं?"

"ते तू म्हणालीस," आजोबा हसले.

एवढ्यात तडवी मॅडम धावतपळत आल्या. वारा फिरला होता आणि ढगयानाला लगेच निघायचं होतं. दुर्बिणीची काच पुसायला एक पुसू यानात चढवूनही झाला होता. आता पुन्हा परीक्षा घेणं शक्य नव्हतं. मी कॅमेऱ्यातली चित्रफीत दाखवली. ती पाहून मॅडमनी मान हलवली.

"तुम्ही दोघांनी आधीच ठरवलं असेल तर? केव्हा बदलायचे, केव्हा नाही, हे पाठ करून ठेवलं असतं तरी चित्रफीत हुबेहूब अशीच दिसली असती."

"बरोबर आहे तुमचं," आजोबा म्हणाले. "हा पुरावा नाणं उडवणाऱ्यालाच पटतो. इतरांच्या दृष्टीनं ते नाटकही असू शकतं."

"मग चिठ्ठ्या टाकू या. दोघांच्या नावाच्या."

मी कान टवकारले. चिठ्ठ्या! म्हणजे माझी शक्यता अर्धी. मी फक्त गप्प बसायचं होतं. निहार खरं बोलतोय हे जगात मला एकटीलाच ठाऊक होतं.

मी निहारकडे पाहिलं. तो माझ्याकडे बघतही नव्हता. मी काही बोलेन अशी त्याला आशाच नव्हती, आणि ते मला फार लागलं.

"चिठ्ठ्या नकोत," मी म्हणाले. "आमचं काही ठरलेलं नव्हतं. नाणं मी उडवत होते. तो हरावा म्हणून मी पंखा लावला, दिवे मंद केले. मॅडम, त्याला खरंच ओळखता येतं."

"तुला जायचं नाही का?"

"जायचंय! मला खूप खूप जायचंय. मला इतका राग आलाय!"

मॅडमनी क्षणभर माझ्या लालबुंद चेहऱ्याकडे पाहिलं. "मग मला पटलं," त्या म्हणाल्या आणि निहारचा हात धरून निघाल्या.

यानाच्या दाराशी निहार थबकला आणि माघारी आला. "वल्लू, सांगू तुला? मी कसे ओळखतो ते?"

मी दोन्ही कान गच्च दाबून धरले. "खबरदार! जा तू!"

यान वर जात राहिलं. "पुढे दारादारावर असंच होईल बघ," आजोबा मान वर करून म्हणाले. "पासवर्ड न सांगता आत जाता येईल. जन्मतारीख न सांगता वय पटवता येईल. आपलं गुपित आपल्यापाशीच राहील." मी हुं म्हटलं, पण माझं अर्धंच लक्ष होतं. हेवा अजून गेला नव्हता. आवाज बंद होता, डाग पुसलेले होते, उजेडही मंद होता. तरी त्याला कळत होतं. म्हणजे दोन्ही पुसूंत फरक आहे. कोणता ते मला ठाऊक नव्हतं, पण आहे, हे मात्र मला अगदी पक्कं ठाऊक होतं.

"आजोबा, तुम्ही जेवायला चला," मी म्हणाले आणि मागे उरलेल्या पुसूपुढे मांडी घालून बसले.